पेजेचं वजन

बेळगावच्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता अजून माझ्या कपाटात आहे. जपून ठेवावा अशी त्याची लायकी नाही. गुळगुळीत कागद, वर कापलेल्या सफरचंदाचं चित्र, खाली सकाळी सहापासून रात्री आठपर्यंतचे रकाने. उठल्यावर सहा बदाम. आठ वाजता ओट्स. अकराला बेरी वर्गातलं कोणतंही फळ. दुपारी ब्रोकोली घातलेलं सॅलड आणि भाजलेलं पनीर. घाटातल्या आमच्या जोयड्यात बेरी वर्गातलं फळ म्हणजे करवंद, आणि तेही उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर औषधाला मिळत नाही. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, मग ऑनलाइन मागवा. आमच्याकडे लग्नाची पत्रिका लग्न झाल्यावर पोचते. त्यांची ब्रोकोली कोणत्या अवस्थेत पोचली असती, ते मी त्यांच्या कल्पनेवर सोडून दिलं.

तक्ता माझ्यासाठी नव्हता, नवऱ्यासाठी होता. तो जोयडा ते उळवी प्रवासी जीप चालवतो, कधी गिऱ्हाईक असलं तर नंदिगड्ड्याकडेही जातो. वय बावन्न, पोट स्टेअरिंगला टेकलेलं, आणि रक्तातली साखर इतकी चढलेली की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. त्यांनी गोळ्या वाढवल्या. या गोळ्यांवर उपाशी राहायचं नाही, हेही बजावलं. आणि म्हणाले, तीन महिने देतो; खाणं मोजूनमापून करा, वजन उतरवा. तेवढ्या वेळात साखर खाली आली नाही तर रोज इन्सुलिनची सुई.

नवरा बाहेर येऊन बसस्टँडच्या बाकावर बसून राहिला. त्याच्या थोरल्या भावाला सुई लागली होती, आणि दोन वर्षांत पायाची जखम चिघळून पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सुईमुळे पाय गेला नाही, सुई उशिरा सुरू केली म्हणून गेला, हे मी त्याला कितीदा समजावलं असेल. पण त्याच्या डोक्यात या दोन गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या आहेत.

"सुई आली की पाय गेला," तो म्हणाला. "क्लच काय हातानं दाबू?"

मग मी सूत्रं हातात घेतली. मी मराठी शाळेत शिकवते. चौथीच्या पोरांच्या डोक्यात भागाकार घालते, तर एका जाड माणसाच्या पोटात किती घालायचं एवढं मला जमणार नाही असं वाटण्याचं काही कारण नव्हतं. खरं सांगायचं तर त्याच्या खाण्याचा मला पहिल्यापासून तिटकारा होता. तो पेज पितो तेव्हा शेजारच्या घरात ऐकू जातं. ताटात सुकी मासळी असली की बाजूला काय चाललंय याची त्याला शुद्ध नसते. अशा माणसाला कुणीतरी शिस्त लावायलाच हवी, आणि ती लावायला डॉक्टरांनी मला चिठ्ठीच लिहून दिली आहे, अशा थाटात मी घरी आले.

शाळेतल्या एका शिक्षिकेनं मला फोनवरचं ॲप दाखवलं. खाल्लेला पदार्थ निवडायचा, ग्रॅम टाकायचे, की कॅलरी, प्रोटीन, कार्ब आणि फॅट चार रंगांच्या गोल चकत्यांत भरत जातात. ती स्वतः ते वर्षभर वापरत होती आणि वर्षभरात तिचं वजन वाढलं होतं. मी तिच्या नोंदी पाहिल्या आणि मला हसूच आलं. बाई कच्च्या तांदळाचं वजन करून शिजलेला भात म्हणून लिहीत होती. शिजल्यावर भात तिपटीनं फुगतो, म्हणजे ती खायची त्याच्या एक तृतीयांश लिहायची. मी तिला तिथल्या तिथे, बाकीच्यांसमोर, तिची चूक दाखवली. ती वरमली. मला त्याचं बरं वाटलं, हे लपवत नाही.

बेळगावहून मी एक छोटा काटा आणला, वर काचेचा चौकोन असलेला. त्याच्यावर रिकामं ताट ठेवायचं, आकडा शून्यावर आणायचा, मग वाढायचं. दिवसाला पंधराशे कॅलरी, त्याच्यावर एक दाणा नाही. सोबत मी शंभर पानी वहीही केली, रकाने आखून, कारण फोनला आमच्या स्वयंपाकघरात रेंज येत नाही आणि ॲप मध्येच गोल गोल फिरत बसतं. ते ॲप ज्यांनी बनवलं त्यांना जगात माणसं काय खातात याचा पत्ता नाही. त्यात सतरा तऱ्हेचे पिझ्झे आहेत. कणगं नाही, मुडली नाही, सुरणही शोधून शोधून तिसऱ्या पानावर. जोयड्याच्या रानात जेवढे कंद निघतात तेवढे सगळे मला 'रताळं' म्हणून लिहावे लागले. एकदा शेजारणीनं तांबड्या मुंग्यांची चटणी दिली, तेव्हा नवऱ्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं की मुंग्यांत प्रोटीन किती. त्याला वाटलं मी हसेन. मी त्याला सांगितलं की मुंग्या ॲपमध्ये नाहीत, तेव्हा त्या ताटातही नाहीत, आणि वाटी उचलून नेली.

आमच्याकडे जेवणाऱ्याच्या ताटाकडे कुणी बघत बसत नाही. भाकऱ्या मोजत नाहीत. पाहुण्याला 'किती वाढू' असंही विचारत नाहीत, नुसतं वाढतात. जेवणाऱ्याचा घास मोजणं म्हणजे त्याचा पाणउतारा, आणि पाणउतारा होत असताना तिकडे बघायचं नसतं, असं लहानपणापासून सगळ्यांच्या अंगात मुरलेलं आहे. त्यामुळे मी ताट काट्यावर ठेवलं की नवरा तोंड फिरवायचा आणि दाराकडे बघत बसायचा. आकडा लिहून झाला, ताट पुढ्यात आलं, की मग वळायचा. मला ते खुळचट वाटायचं. एकदा मी म्हटलंही, की दारात कोण येणार आहे, वाघ? दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दाराकडे.

आता पेजेचं. उकड्या तांदळाची पेज तो सकाळी एक मोठं वाडगं पिऊन जीप काढतो, आणि संध्याकाळी परत आला की पुन्हा एक वाडगं. दुपारी डब्यात भाकरी. लग्न झाल्यापासून मी हेच बघत आले आहे. ॲपमध्ये पेज नव्हती. मी वाडगं काट्यावर ठेवलं, चारशे ग्रॅम भरलं, आणि 'शिजलेला उकडा भात' असं निवडून चारशे टाकले. कच्चा तांदूळ नाही, शिजलेला. त्या शिक्षिकेसारखी मी नव्हते. पाचशेवीस कॅलरी. दोन वेळची मिळून एक हजार चाळीस. हा माणूस दिवसाचा दोन तृतीयांश कोटा नुसता फुरकून पितोय, मग पोट सुटणार नाही तर काय होणार. मी दुपारच्या दोन भाकऱ्यांची एक केली. तिच्याबरोबर थोडी पालेभाजी आणि एक उकडलेलं अंडं. शेंगदाण्याची चटणी बंद, सुकी मासळी आठवड्यातून एकदा.

पहिल्याच आठवड्यात तो वाडग्याकडे बघत म्हणाला होता, "पेजंत शितं किती आन् पानी किती, त्ये तर बघ."

मी मान वरही केली नाही. "शिकलेल्या माणसांनी केलंय ते," मी म्हणाले. "तुम्ही जीप चालवा."

त्यानं जीप चालवली. आणि वजन उतरायला लागलं. तीन आठवड्यांत पाच किलो. दीड महिन्यात पॅन्टला सुतळी बांधायची वेळ आली. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले. वही पर्समध्ये घेऊन जायचे आणि मधल्या सुट्टीत उघडून दाखवायचे, कसे रोजचे पंधराशे बरोबर भरतात, कधी चौदाशे नव्वद, कधी पंधराशे दहा. लोक म्हणाले, बाई, कमाल आहे. मी म्हणाले, कमाल कसली, अक्कल लागते. नवरा चिडचिडा झाला होता, संध्याकाळी आल्या आल्या भिंतीला टेकून डोळे मिटायचा, बोलायचा कमी. मला वाटलं, तोंडावर ताबा आला की माणूस असाच होतो.

मग उळवीची जत्रा आली. जत्रेच्या दिवसांत त्याच्या जीपला उसंत नसते. खानापूर-बेळगावकडची मराठी माणसं, धारवाडकडची कानडी माणसं, सगळी नारळ-गुळाच्या पिशव्या घेऊन येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून येत होते, तर जीपच्या स्टँडवरच्या दुकानदारानं मला थांबवलं. हसत हसत म्हणाला, की मालकांचं डाएट सुटलं वाटतं, सकाळी वाटेवर जीप थांबवून एका म्हातारीच्या पिशवीतला गूळ खात होते, मागून आलेल्या जीपवाल्यानं बघितलं. आणि तोही देवाला नेलेला गूळ.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक तर चोरून खायचं, तेही गूळ, तेही देवाला दाखवायच्या आधी. नैवेद्य उष्टावणारा माणूस माझ्या घरात आहे हे गावभर झालं, याचा मला जास्त राग आला की गुळाचा, ते आता सांगता येणार नाही. तो संध्याकाळी आला तेव्हा मी वही उघडून बसलेच होते.

मी विचारलं, किती खाल्ला. तो म्हणाला, थोडा. मी म्हटलं, थोडा म्हणजे किती, सुपारीएवढा की लिंबाएवढा. तो म्हणाला, लिंबाएवढा असंल. का खाल्ला, हे मी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. हावरा माणूस गूळ का खातो हा काय प्रश्न आहे. मी पन्नास ग्रॅम लिहिले आणि तेवढ्या कॅलरी भरून काढायला त्याच्या पेजेचं वाडगं काट्यावर ठेवून त्यातली पेज परत पातेल्यात ओतली, आकडा निम्म्याजवळ येईपर्यंत. तो दाराकडे बघत होता.

"तीन महिन्यांत अजून दीड महिना राहिलाय," मी म्हणाले. "पाय तुमचाच जाणार आहे, माझा नाही."

हे मी म्हणाले. शब्दन्शब्द असंच म्हणाले.

दोन दिवसांनी ती म्हातारी आमच्या दारात आली. रामनगरच्या बाजूची, परतीच्या वाटेवर होती. सोबतच्यांना स्टँडवर बसवून घर विचारत विचारत आली होती. मला वाटलं, आपल्या गुळाबद्दल बोल लावायला आली, म्हणून मी आधीच सांगून टाकलं की त्यांना साखर आहे आणि त्यांनी तुमच्या देवाचा गूळ खाल्ला त्याबद्दल माफ करा. ती पायरीवर बसली आणि तिनं सांगितलं. एका वळणावर जीप आपोआप हळू झाली आणि कडेला जाऊन थांबली. आत दहा माणसं. ड्रायव्हर स्टेअरिंग धरून बसलेला, हात थरथरताहेत, सदरा घामानं भिजलेला, आणि काय झालं विचारलं तर जीभ अडखळतेय. तिच्या नवऱ्यालाही साखर होती, गोळी घेऊन उपाशी राहिला की त्याचंही असंच व्हायचं, म्हणून तिनं ओळखलं. पिशवीत देवाचा गूळ होता. तो खाईना. नैवेद्य आहे म्हणाला. तिनं फोडून त्याच्या तोंडात कोंबला. पंधरा मिनिटांनी तो शुद्धीवर आल्यासारखा झाला, पाणी प्यायला, आणि मग तिनं त्याला आणखी अर्धा तास जीप काढू दिली नाही.

"देवाला मी सांगितलं," ती म्हणाली, "तुजा गूळ एका उपाशी मानसाला दिला. देव काय बोलंल?" मग उठता उठता, आवाज न चढवता, तिनं मला विचारलं, "तंगी, तू त्येला खायाला घालत न्हाईस व्हय?"

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर सुचलं असतं. मी चहा घ्या म्हणाले, ती नको म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी पेज केली. त्याला वाढण्याआधी वाडगं काट्यावर ठेवलं, चारशे. मग मी चाळणी घेतली, खाली पातेलं ठेवलं आणि पेज चाळणीत ओतली. पाणी खाली गेलं. वर शितं राहिली. ती मी परत वाडग्यात काढली आणि वाडगं काट्यावर ठेवलं. एकशे तीस. मी काटा बंद करून पुन्हा चालू केला. एकशे तीस.

बाकीचं सगळं पाणी होतं, मीठ घातलेलं कढत पाणी. त्या पाण्याच्या मी सात आठवडे कॅलरी लिहिल्या होत्या. पंधराशे लिहून मी त्याला आठशेच्या आसपास घालत होते, वर वाढवलेल्या गोळ्या, वर घाटाची वळणं, वर मागे बसलेली दहा माणसं. पहिलीतल्या पोराला विचारलं असतं, पेज पातळ का, तर त्यानं सांगितलं असतं. मी ज्या शिक्षिकेला चारचौघांत हसले होते तिच्या चुकीनं फार तर तिचं ब्लाउज घट्ट झालं होतं. माझ्याइतकी मूर्ख बाई या तालुक्यात दुसरी नसेल, आणि माझ्यापाशी शंभर पानांचा पुरावा होता.

तो अंघोळ करून आला तेव्हा मी दोन वाडगी शितं एकत्र करून वाढली होती, बाजूला चटणी आणि सुकी मासळी. त्यानं ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्याला सांगितलं की पेजेत पाणी असतं हे माझ्या लक्षात आलं नाही.

"व्हय," तो म्हणाला. "मी बोललो हुतो."

"मग पुन्हा का नाही बोललात?"

तो थोडा वेळ चटणी कालवत राहिला. "तू म्हणालीस, जीप चालवा."

त्यात कुरकुर नव्हती. वाट विचारणाऱ्याला डावीकडं जा म्हणावं, तसं तो बोलला. मला भूक लागते असंही त्यानं सात आठवड्यांत एकदा म्हटलं नव्हतं, कारण भूक लागते म्हणजे आपल्याच्यानं हे होत नाही, आणि होत नाही म्हणजे सुई, असं त्यानं धरलं होतं. गूळ खाल्ला तेव्हा त्याला वाटलं, हरलो.

मी शाळेमागच्या टेकाडावर जाऊन डॉक्टरांना फोन केला. वाटेत गरगरलं आणि गूळ खाल्ल्यावर थांबलं एवढं सांगितलं. त्यांनी गोळी निम्मी केली. पेजेचं मी सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर स्वतःशी म्हटलं, रेंज चांगली नव्हती. रेंज चांगली होती.

त्या दिवसापासून मी शितं वेगळी तोलायला लागले आणि त्याला खरोखरीचे पंधराशे मिळायला लागले. तो पुन्हा बोलायला लागला. सुकी मासळी दिसली की पूर्वीसारखा खूश व्हायला लागला. वहीतले आधीचे सात आठवडे दुरुस्त करायला मी एकदा लाल पेन घेऊन बसले. पहिल्या पानावर एक फुली मारली, आणि मग ते पान पुढच्या पानाला चिकटवून टाकलं.

तीन महिने भरल्यावर आम्ही बेळगावला गेलो. साखर उतरली होती. पूर्ण नाही, पण डॉक्टर म्हणाले, सुईची गरज नाही. नवऱ्यानं त्यांना दोनदा विचारलं, नक्की ना. मग टेबलाखाली त्यानं उजवा पाय पुढे करून जमिनीवर हळूच दाबला, आणि मग डावा. डॉक्टरांनी माझी वही मागितली. पानं उलटत गेले, चिकटलेलं पान त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. असं कुणी ठेवत नाही म्हणाले. बाकीचे पेशंट नुसते हो हो म्हणतात. ही वही इथे ठेवून जाल का, इतरांना दाखवीन, विशेषतः तुमच्या बाजूच्या लोकांना, त्यांचं खाणं मलाही नीट कळत नाही.

मी नवऱ्याकडे बघितलं. टोमणा येईल म्हणून बघितलं. टोमणा मला परतवता येतो, त्यात मी कुणाला हार जात नाही.

"ठेवा की," तो डॉक्टरांना म्हणाला. "लई मन लावून केलंय तिनं."

त्याच्या तोंडावर टोमणा नव्हता. त्याला अभिमान वाटत होता. आमच्या बाजूचा कुणीतरी पेज पिणारा माणूस त्या खुर्चीत बसेल, डॉक्टर त्याच्या बायकोपुढे ही वही उघडतील, आणि ती माझ्यासारखीच वाडगं काट्यावर ठेवील, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी वहीवर हात ठेवला.

"यातले पहिले सात आठवडे खोटे आहेत," मी म्हणाले. "मी पेजेच्या पाण्याला भात म्हणून लिहिलं. मी यांना अर्धपोटी ठेवलं होतं. ते गरगरले ते त्यामुळे. तुम्हाला मी फोनवर सांगितलं नाही."

डॉक्टर पेन खाली ठेवून एकेक विचारायला लागले, किती ग्रॅम, किती दिवस, जीपमध्ये माणसं किती. मी सगळं सांगत गेले. मध्ये एकदा मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं तोंड फिरवलं होतं. माझं सांगून होईपर्यंत तो दाराकडे बघत बसला होता.